थंड पाण्यात विरघळणारी पूड

लिथियम कार्बोनेटची गोणी उघडली तर आत बघण्यासारखं काही नसतं. पांढरी, हलकी, बिनवासाची पूड. धुण्याच्या सोड्याशेजारी ठेवली तर नवख्या माणसाला दोन्हींतला फरक सांगता यायचा नाही. फरक कळतो तो पाण्यात. चंचुपात्रात थंड पाणी घेऊन त्यात ही पूड मावेल तेवढी विरघळवावी, उरलेला गाळ काढून टाकावा आणि निवळ पाणी बर्नरवर ठेवावं. साखर, तुरटी, सोरा हाताळलेल्या माणसाची अपेक्षा असते की पाणी तापेल तसं ते आणखी विरघळवायला तयार होईल. इथे उलटं घडतं. पाणी चांगलं तापलं की कडांना धुरकट दिसू लागतं, मग बारीक कण तरंगायला लागतात आणि उकळी फुटेतो सगळं ताकासारखं पांढुरकं होतं. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाणी सुमारे १३ ग्रॅम लिथियम कार्बोनेट पोटात घेतं. १०० अंशांना जेमतेम ७.

पाठ्यपुस्तकांत हा गुणधर्म एका ओळीत उरकलेला असतो. मी पुस्तकाची सुरुवात त्याच्यापासून केली आहे, कारण या पुडीचा धंदा बराचसा याच तऱ्हेवाईकपणावर चालतो. चिलीतल्या अटाकामाच्या खारपट्ट्यात जमिनीखालचं खारं पाणी उपसून उथळ तळ्यांत सोडतात. वर्षभराहून अधिक काळ ऊन ते आटवत राहतं. आधी मीठ, मग पोटॅशचे क्षार असे एकेक तळाशी बसत जातात आणि सुरुवातीला हजारात दीड-दोन भाग असलेलं लिथियम शेवटच्या तळ्यात शेकडा सहापर्यंत पोचतं. हा दाट, पिवळसर द्राव टँकरने अँटोफगास्ताकडच्या कारखान्यांत नेतात, त्यातलं बोरॉन आणि मॅग्नेशियम काढतात, तापवतात आणि त्यात सोडा ॲश घालतात. मीठ गरम पाण्यात विरघळलेलंच राहतं, लिथियम कार्बोनेट खाली बसतं. ते धुवायचंही गरम पाण्यानेच. थंड पाण्याने धुणाऱ्याचा माल गटारात जाईल.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रीनबुशेस खाणीतून निघणाऱ्या स्पोड्युमिन या दगडाची वाट वेगळी. तो हजार अंशांच्या वर भाजतात, मग गंधकाम्ल घालून कमी आंचेवर पुन्हा भाजतात आणि त्यातलं लिथियम पाण्यात उतरवून घेतात. पण शेवट पुन्हा तोच: गरम द्राव, सोडा ॲश आणि तळाशी पांढरा साका. त्याहून शुद्ध माल हवा असेल तर ही पूड थंड पाण्यात कालवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात. कार्बोनेटचं बायकार्बोनेट होऊन ते विरघळतं, गाळता येतं आणि तापवलं की वायू उडून कार्बोनेट पुन्हा खाली येतं. गोळीत जाणारा माल असो की बॅटरीत जाणारा, एवढी उठाठेव दोघांनाही परवडते.

मूळ धातूचा शोध जुना आहे. १८१७ साली स्टॉकहोममध्ये बर्झेलियसच्या प्रयोगशाळेत योहान आर्फवेडसन हा तरुण उटो बेटावरच्या पेटलाइट या खनिजाचं पृथक्करण करत होता आणि त्याच्या हिशेबात सारखी काही टक्क्यांची तूट येत होती. ती तूट म्हणजे नवं मूलद्रव्य निघालं. पुढच्याच वर्षी ग्मेलिनने त्याच्या क्षारांची ज्योत लालबुंद दिसते, हे नोंदवलं. ही लाल ज्योत लक्षात ठेवावी. ती पुढे इस्पितळात भेटणार आहे.

आता या पुस्तकाचं सूत्र. लिथियमच्या आयनाची त्रिज्या सुमारे ७६ पिकोमीटर, मॅग्नेशियमची ७२, सोडियमची १०२. म्हणजे विद्युतभार सोडियमचा, पण अंगकाठी मॅग्नेशियमची. काचेच्या भट्टीपासून माणसाच्या मूत्रपिंडापर्यंत हा आयन जे काही करतो त्याचं मूळ बहुतेक ठिकाणी इथे सापडतं. उद्योगाचं आणि औषधाचं अशी दोन वेगळी पुस्तकं लिहिण्याचा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही, त्याचं कारण हे.

काच आणि सिरॅमिक हा जुना मोठा गिऱ्हाईक. वाळूच्या जाळीत लिथियम शिरलं की भट्टीचं तापमान खाली येतं, रस पातळ होतो, सळसळून वाहतो. पण खरी करामत पुढची. १९५३ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी हा संशोधक प्रकाशाला संवेदनशील अशा लिथियमयुक्त काचेचा तुकडा ६०० अंशांवर तापवायला ठेवून गेला. भट्टी बिघडून पारा ९०० वर गेला. दार उघडलं तर काच वितळून थारोळं झालेलं नव्हतं. तुकडा दुधी पांढरा झाला होता. चिमट्यातून तो सटकून फरशीवर पडला आणि फुटला नाही. आतल्या आत असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. याच वाटेने पुढे लिथियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांच्या अशा काच-सिरॅमिक घडल्या ज्या तापल्यावर जवळपास फुगतच नाहीत. इंडक्शन शेगडीची काळी पाटी अशाच पदार्थाची असते. म्हणून तिच्यावरचं भांडं उचलून लगेच ओलं फडकं फिरवलं तरी ती तडकत नाही. साधी काच त्याच क्षणी दगा देते.

ग्रीसचं प्रकरण मला सगळ्यांत आवडतं. गॅरेजमध्ये चाकाच्या बेअरिंगला मिस्त्री बोटाने जे ग्रीस भरतो ते बहुधा लिथियमचंच असतं. लिथियम कार्बोनेटवर चुन्याचं पाणी घातलं की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि द्रावात लिथियम हायड्रॉक्साइड उरतं. हे हायड्रॉक्साइड एका स्निग्धाम्लाबरोबर तेलात शिजवलं की लिथियमचा साबण होतो. त्याचे बारीक धागे तेलाला धरून ठेवतात आणि ग्रीस तयार होतं. १९४० च्या दशकात हे तंत्र पुढे आलं. त्याआधीची चुन्याची ग्रीस तापली की पातळ होत, सोडियमची पाण्याने धुऊन जात. लिथियमच्या साबणाला उष्णता आणि पाणी दोन्ही सोसतात. आणि ते स्निग्धाम्ल येतं कुठून? एरंडेलातून. एरंडेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून काढलेल्या या अम्लाला धंद्यात ट्वेल्व्ह-एचएसए म्हणतात, आणि जगातला सर्वाधिक एरंड भारतात, त्यातही मुख्यतः गुजरातेत पिकतो. चिलीचं खारं पाणी आणि मेहसाणा-बनासकांठ्याचा एरंड यांची गाठ ट्रकच्या चाकात पडते, हे लिहिताना मला अजूनही गंमत वाटते.

ॲल्युमिनियमच्या भट्ट्या, टाइल चिकटवायचा आणि तडे बुजवायचा लवकर सुकणारा मसाला, पोलादाच्या ओतकामात साच्यावर टाकायची भुकटी अशा ठिकाणीही ही पूड जाते. भट्टीच्या द्रावात ती घातली की द्राव कमी तापमानाला वितळतो आणि वीज अधिक सहज वाहू देतो. मसाल्यात अगदी चिमूटभर घातली तरी विशिष्ट जातीचं सिमेंट झटकन आवळतं. तपशील सहाव्या प्रकरणात आहेत. ज्यांचा त्या कामाशी संबंध नाही त्यांनी ते प्रकरण सोडून दिलं तरी काही बिघडणार नाही.

एप्रिल १९७० मध्ये मात्र थोडं थांबावं लागतं. त्या महिन्यात अपोलो १३ यानातल्या स्फोटानंतर तीन अंतराळवीर चांद्रयानात जीव मुठीत धरून बसले होते. त्यांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठी लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे होते. मुख्य यानाचे डबे चौकोनी, चांद्रयानाची जागा गोल. मग ह्यूस्टनच्या सूचनांनुसार प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठे, नळ्या आणि चिकटपट्टी यांचा जुगाड करून ते बसवले गेले, ही गोष्ट सिनेमामुळे सर्वांना माहीत आहे. सांगायचं राहून जातं ते एवढंच की त्या डब्यांत हायड्रॉक्साइडचं हळूहळू जे होत होतं ते लिथियम कार्बोनेट. आणि त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लिथियमला उन्मादावरचं औषध म्हणून मान्यता दिली. लिथियमचा उन्मादावरचा गुण १९४९ मध्ये छापून आल्यावरही त्या मान्यतेला एकवीस वर्षं का लागली, हा पुस्तकाच्या उत्तरार्धाचा विषय आहे.

लिथियम पोटात घ्यायची सुरुवात संधिवाताने झाली. लिथियमचा युरेट क्षार पाण्यात चांगला विरघळतो, म्हणून लंडनच्या आल्फ्रेड गॅरोडने १८५९ साली गाउटवर लिथियम सुचवलं. सांध्यात साठलेलं युरिक ॲसिड विरघळवायला रक्तात जेवढं लिथियम लागेल तेवढ्याने माणूसच दगावेल, हा हिशेब मागाहून झाला. तोवर लिथियाच्या पाण्याच्या बाटल्या युरोप-अमेरिकेत हातोहात खपत होत्या. आज आपण ज्याला सेव्हन अप म्हणतो ते १९२९ साली बाजारात आलं तेव्हा त्याच्या लांबलचक नावात लिथियमचा उल्लेख होता, आणि १९४८ पर्यंत त्यात लिथियम सायट्रेट असायचं.

हृदयरोग्यांना मीठ बंद, म्हणून १९४० च्या दशकाअखेर अमेरिकेत लिथियम क्लोराइड मिठाला पर्याय म्हणून विकलं गेलं. चव खारट, सोडियम नाही, असा सरळ हिशेब. जेवणावर हवं तेवढं भुरभुरायचं. लोकांना विषबाधा झाली, काही मरण पावले आणि १९४९ साली ते घाईघाईने बाजारातून काढावं लागलं. आधीच मीठ बंद केलेल्या माणसाला लिथियम देणं ही सगळ्यांत धोक्याची जोडी, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

नेमक्या त्याच वर्षी मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथल्या माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयातून जॉन केड यांचा छोटा लेख ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. केड महायुद्धात चांगीच्या जपानी कैदेत राहून आलेले. उन्मादाच्या रुग्णांच्या शरीरात काही विषारी द्रव्य साठत असावं, अशी त्यांची समजूत होती. ती तपासण्यासाठी ते रुग्णांची लघवी गिनीपिगना टोचत. युरिक ॲसिड पाण्यात विरघळेना, म्हणून त्यांनी सर्वांत विद्राव्य युरेट, म्हणजे लिथियम युरेट घेतलं. प्राणी सुस्त झाले. मग नुसतं लिथियम कार्बोनेट टोचून पाहिलं, तरी तेच. ते प्राणी शांत झाले होते की विषाने मलूल, याबद्दल नंतर बरीच शंका घेतली गेली, आणि ती रास्त आहे. केडची मूळ कल्पनाही चुकीचीच होती. तरीही आधी स्वतः घेऊन पाहून त्यांनी दहा उन्मादी रुग्णांना लिथियम दिलं आणि फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. पहिला रुग्ण पाच वर्षं सतत बेफाम असलेला, पन्नाशीतला गृहस्थ. तो काही महिन्यांत घरी गेला, कामाला लागला. मग बरं वाटतंय म्हणून त्याने औषध सोडलं, पुन्हा दाखल झाला, पुन्हा औषध सुरू झालं आणि १९५० साली लिथियमच्याच विषबाधेने वारला. औषधाचं सगळं बरंवाईट या एका माणसाच्या वाट्याला आलं.

केडपाशी रक्तातलं लिथियम मोजायची सोय नव्हती. १९५१ मध्ये मेलबर्नच्याच नोआक आणि ट्राउटनर यांनी रक्तातली पातळी पाहत शंभराहून अधिक रुग्णांवर उपचार केले. रक्तजलाचा फवारा ज्योतीत सोडायचा आणि लाल प्रकाश किती पडतो ते मोजायचं, हे फ्लेम फोटोमीटरचं तत्त्व. ग्मेलिनची ती लाल ज्योत सव्वाशे वर्षांनी औषधाच्या कामी आली. माझ्या मते लिथियमच्या कथेतला खरा मोहरा हा आहे. केडला श्रेय मिळतं, ट्राउटनरचं नाव मानसोपचाराच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतं.

पुढचं काम डेन्मार्कचं. मोगेन्स शौ यांच्या सख्ख्या भावाला वारंवार नैराश्याचे झटके येत, त्यामुळे त्यांची ओढ नुसती अभ्यासाची नव्हती. १९५४ मध्ये त्यांनी उन्मादावर लिथियमची चाचणी घेतली. पुढे पॉल बास्ट्रप यांच्याबरोबर हे औषध झटका आल्यावरच नव्हे, झटका येऊच नये म्हणूनही चालतं, असं दाखवलं. लंडनच्या शेपर्ड आणि ब्लॅकवेल यांनी १९६८ मध्ये हा सगळा भ्रम असल्याचं लिहून टाकलं. शौ-बास्ट्रप यांनी मग १९७० मध्ये लिथियमवर ठीक असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांची गोळी गुपचूप खोट्या गोळीने बदलली. खोटी गोळी मिळालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास पाच महिन्यांत पुन्हा आजारी पडले. खरी चालू असलेल्यांतला एकही नाही. अशा चाचणीच्या नैतिकतेवर आज मोठा वाद होईल. तेव्हाही झाला.

या सगळ्यात औषध कंपन्या कुठेच दिसत नाहीत. दगडातून निघणाऱ्या, शतकापूर्वीपासून माहीत असलेल्या क्षाराचं पेटंट कोण घेणार? जाहिरात नाही, डॉक्टरांना भेटी नाहीत, परिषदांना पैसा नाही. भारतात मात्र एका मोठ्या कंपनीचा आरंभच याच्याशी जोडलेला आहे. सन फार्मा १९८३ मध्ये वापीला मनोविकारांवरची मोजकी औषधं घेऊन सुरू झाली, आणि त्यांत लिथोसन ही लिथियम कार्बोनेटची गोळी होती.

३०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लिथियम असतं अवघं ५६ मिलिग्रॅम. ते मेंदूत नेमकं काय करतं याची पूर्ण उकल झालेली नाही. पण मॅग्नेशियमच्या जागी बसून काही विकरांना अडवतं, एवढं पक्कं आहे. अंगकाठी मॅग्नेशियमची, ती अशी. आणि मूत्रपिंड त्याला सोडियम समजतं. ही गफलत रुग्णाच्या घरच्यांनी समजून घेतली पाहिजे. शरीरात मीठ आणि पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. रक्तातली पातळी लिटरला ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट असेल तर सहसा काम होतं. दीडच्या पुढे विषबाधेची लक्षणं: हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब. औषध आणि विष यांच्यात इतकं कमी अंतर असलेली फार थोडी औषधं नेहमीच्या वापरात आहेत.

आपल्याकडे हे अंतर ओलांडायला निमित्तं पुष्कळ. अकोल्या-नागपुराचा मे महिना. पाणीही न घेता केलेली निर्जळी एकादशी. वारीच्या वाटेवर लागलेले जुलाब. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी आणि वर अळणी जेवण. सगळ्यांत नेहमीचं म्हणजे गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक. याही गोळ्या लिथियमला बाहेर पडू देत नाहीत. घरात लिथियमचा रुग्ण असेल तर वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय द्यायची नाही. या पुस्तकातलं एकच पान कुणी वाचणार असेल तर ते हे वाचावं.

पातळी तपासायला रक्त द्यायचं तेही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता. ‘लेव्हल करून आणा’ असं डॉक्टर सांगतात. बारा तासांचं सांगायला विसरलं की आकडा फसवा येतो. आणखी एक घोटाळा प्रयोगशाळेतला. हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन असतं, आणि ते बऱ्याचदा लिथियमचाच क्षार असतो. त्या नळीत रक्त घेतलं तर लिथियम न घेणाऱ्या माणसालाही विषबाधा झाल्याचं दिसेल. गोळी काही रुपयांत मिळते, पण तिची पातळी मोजणारी प्रयोगशाळा तालुक्याच्या गावी सहसा सापडत नाही, नमुना शहरात पाठवावा लागतो. पुष्कळ डॉक्टर लिथियम टाळून महागडी औषधं देतात त्यामागे हे कारण मोठं आहे. आत्महत्येचा धोका कमी करण्याच्या बाबतीत लिथियमइतका भक्कम पुरावा असलेली औषधं फारशी नाहीत, हे ध्यानात घेतलं तर ही अडचण क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही.

बॅटरीवर मी एकच प्रकरण लिहिलं आहे आणि त्याबद्दल मित्रांनी कान उपटले. आज जगातल्या लिथियमचा मोठा वाटा, अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अंदाजाने २०२३ मध्ये ८७ टक्के, बॅटऱ्यांत जातो. औषधात सुमारे १ टक्का. पण बॅटरीवर वाचायला वर्तमानपत्रं आहेत, शेअर बाजाराच्या वाहिन्या आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात चीनमध्ये टनाला ६ लाख युआनच्या घरात गेलेला कार्बोनेटचा भाव २०२३ संपता संपता १ लाखाच्या आसपास उतरला. २०२३ च्या फेब्रुवारीत जम्मूतल्या रियासीचा ५९ लाख टनांचा आकडा जाहीर झाला तेव्हा आपल्याकडे जणू खाण सुरूच झाली अशा थाटात बातम्या आल्या. तो प्राथमिक पाहणीचा अंदाज होता, आणि पुढे लिलावाला पुरेसे बोलीदारही मिळाले नाहीत. अर्जेंटिनातल्या कातामार्का प्रांतात पाच क्षेत्रांत शोध घेण्याचा करार भारताच्या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये केला आहे. तिथूनही माल यायला वेळ आहे.

शेवटचं प्रकरण लिहायला सगळ्यांत अवघड गेलं. वीस-तीस वर्षं लिथियम घेणाऱ्या काही रुग्णांची मूत्रपिंडं हळूहळू मंदावतात. तहान आणि लघवी वाढते, थायरॉइड थकतं, क्रिएटिनिनचा आकडा दर तपासणीत थोडा वर सरकतो. मूत्रपिंडाचे डॉक्टर म्हणतात, बंद करा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, जरा थांबा, कारण एकाएकी बंद केलं तर थोड्या आठवड्यांत उन्माद उसळून येण्याची भीती असते, आणि पुन्हा सुरू केल्यावर काहींना पूर्वीसारखा गुण येत नाही. अशा वेळी मात्रा किती उतरवायची, कोणत्या वेगाने, बदली औषध कधी जोडायचं आणि निर्णयात रुग्णाचं स्वतःचं म्हणणं कुठे बसतं, यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. त्या प्रकरणात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद जसेच्या तसे मांडले आहेत.